इंटरनेट वेगवान, मग घरचा सर्व्हर संथ का?

जुना डेस्कटॉप भंगारात न देता त्यात मोठी डिस्क बसवायची, तो राऊटरला जोडायचा आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, सातबारा, निकाहनामा, पासपोर्टच्या प्रती त्यात ठेवायच्या, अशी सोय आता बऱ्याच कुटुंबांनी करून घेतली आहे. कुणी त्यासाठी एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय वापरतो, कुणी दोन डिस्क बसणारी तयार पेटी विकत आणतो. यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. घरातल्या कुठल्याही मोबाइलवरून, लॅपटॉपवरून किंवा टीव्हीवरून त्यातली फाइल उघडता येते.

सोय झाली की तक्रारही सुरू होते. अम्मी ईदचे फोटो पाहायला बसतात आणि पडद्यावर चाक फिरत राहते. मुलीला शाळेच्या प्रकल्पाची फाइल हवी असते, ती उघडतच नाही. मुलगा म्हणतो, "अब्बा, नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा." प्लॅन वाढतो, महिन्याचे बिल वाढते आणि चाक तसेच फिरत राहते.

या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. पैसे खर्च करण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते शोधावे. शोधायला पैसे लागत नाहीत, फार तर एक संध्याकाळ लागते.

फाइल घराबाहेर जातच नाही

सर्व्हरमधला फोटो आपल्या मोबाइलवर कसा येतो ते आधी पाहू. तो डिस्कवरून वाचला जातो, सर्व्हरमधून वायरने राऊटरकडे येतो आणि राऊटरकडून वायरने किंवा वाय-फायने आपल्या हातातल्या यंत्राकडे जातो. हा सगळा प्रवास घराच्या चार भिंतींत होतो. इंटरनेट कंपनीची लाइन या वाटेवर येतच नाही. म्हणून प्लॅन ५० एमबीपीएसचा असो की ३०० चा, घरच्या सर्व्हरच्या वेगात फरक पडत नाही.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. एखाद्या दिवशी कंपनीची लाइन बंद पडली पण घरातली वीज चालू आहे, अशा वेळी सर्व्हरवरची फाइल उघडून पाहावी. ती नेहमीसारखी उघडली, तर वाट घरातलीच आहे. उघडलीच नाही, तर आपले अ‍ॅप घरातल्या घरात बोलण्याऐवजी आधी पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जात असण्याची शक्यता असते. काही तयार पेट्यांची अ‍ॅप्स अशी बाहेरून फेरी मारून घरात येतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा घरातला पत्ता भरता येत असेल तर तो भरावा. फेरी वाचते आणि वेळही वाचतो.

उघडायला वेळ, की उतरायला वेळ?

"स्लो आहे" या दोन शब्दांत दोन वेगळे आजार असतात. पहिल्यात फोल्डर उघडायलाच वेळ लागतो, पण एकदा उघडले की फाइल भराभर येते. दुसऱ्यात फोल्डर लगेच उघडते, पण फाइल थेंब थेंब उतरते. दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. त्यामुळे राऊटर बंद-चालू करण्याआधी घड्याळ हातात घ्यावे.

सर्व्हरवरची साधारण १ जीबीची एकच मोठी फाइल निवडा. क्लिक केल्यापासून फोल्डर उघडेपर्यंत किती सेकंद लागले आणि फाइल पूर्ण उतरायला किती वेळ लागला, हे दोन आकडे वहीत लिहा. तासाभराने पुन्हा तेच करा. पुढचा सगळा तपास या आकड्यांवर चालतो.

उघडायलाच वेळ लागत असेल तर

पहिला संशय नावावर घ्यावा. आपण सर्व्हरला "घर" किंवा "फोटो" असे नाव देतो, पण यंत्रे एकमेकांना ओळखतात ती आकड्यांच्या पत्त्याने, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसने. नाव दिले की लॅपटॉपला आधी विचारावे लागते, "हे नाव कुणाचे?" ज्याला विचारले त्याला उत्तर माहीत नसेल, तर लॅपटॉप ठरावीक वेळ थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो. लिनक्समध्ये ही थांबण्याची मुदत मुळातच ५ सेकंद ठेवलेली असते. त्यामुळे दर वेळी जवळपास ५ किंवा १० सेकंदांचाच खोळंबा होत असेल, तर बहुधा चौकशी नावापाशी अडकलेली असते. जुन्या लिनक्स सर्व्हरवर याच्या उलटही घडते. आलेला पाहुणा कोण, याची चौकशी सर्व्हर करत बसतो आणि तोवर दार उघडत नाही.

याची परीक्षा अशी. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथून सर्व्हरचा पत्ता टिपून घ्या. तो १९२.१६८.१.१० अशा धर्तीचा असेल. विंडोजमध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे नावाऐवजी हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. आकड्यांनी लगेच उघडले आणि नावाने रेंगाळले, तर दोषी सापडला. मग राऊटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनची सोय वापरून सर्व्हरला तो पत्ता कायमचा द्या, आणि घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर त्या पत्त्याचा शॉर्टकट करून ठेवा. पत्ता कायम न ठेवल्यास वीज गेल्यानंतर तो बदलू शकतो आणि शॉर्टकट निकामी होतो.

दुसरा संशय झोपलेल्या डिस्कवर. वीज वाचावी म्हणून बऱ्याच पेट्या काही मिनिटे काम नसले की डिस्क फिरवणे थांबवतात. थांबलेली डिस्क पुन्हा पूर्ण वेगाने फिरायला पाच-दहा सेकंद लागतात. खूण सोपी आहे. बऱ्याच वेळाने पहिल्यांदा उघडताना उशीर होतो, लगेच पुन्हा उघडले तर होत नाही. पेटीजवळ कान नेला तर डिस्क सुरू होण्याचा आवाजही येतो. हा बिघाड नाही. उशीर नको असेल तर झोपण्याची वेळ लांबवता येते. वीज वाचवायची असेल तर अम्मींना एवढेच सांगावे की पहिल्यांदा थोडा वेळ लागणार, पुन्हा पुन्हा क्लिक करू नका.

तिसरा संशय दोन राऊटरांवर. कंपनीने दिलेल्या डब्यात राऊटर असतोच. वाय-फाय मागच्या खोलीत पोहोचत नाही म्हणून आपण दुसरा आणतो. आता घरात दोन स्वतंत्र मोहल्ले तयार होतात. सर्व्हर एकात, मोबाइल दुसऱ्यात. मग कधी सर्व्हर दिसतो, कधी दिसत नाही. मोबाइलचा आणि सर्व्हरचा पत्ता शेजारी लिहून पाहा. पहिले तीन आकडे वेगळे असतील तर बहुतेक हेच घडले आहे. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडला की दोन्ही मोहल्ले एक होतात. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवरूनही घरचा सर्व्हर सहसा दिसत नाही. ते मुद्दामच तसे बनवलेले असते.

उतरायला वेळ लागत असेल तर

इथे आधी एक हिशेब समजून घ्यावा, कारण बहुतेक गैरसमज त्यातून होतात. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरवरून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट जातात, आणि प्रत्यक्षात ११ च्या आसपास. १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट वायरवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जाऊ शकतात.

शादीच्या चित्रीकरणाच्या ५० जीबी फाइली घ्या. गिगाबिट वायरवरून, डिस्कने साथ दिली तर, त्या आठ मिनिटांच्या आत उतरतात. १०० मेगाबिटच्या वायरवरून त्यांनाच सव्वा तास लागतो. फाइल तीच, सर्व्हर तोच, फरक फक्त वाटेचा.

आमच्या घरी गेल्या वर्षी नेमके असेच झाले. ईदच्या आधी रंगकाम निघाले, सामान इकडचे तिकडे झाले आणि त्यानंतर सर्व्हरची कॉपी सेकंदाला ११० मेगाबाइटवरून ११ वर आली. बाजारातल्या एका दुकानदाराने न पाहताच नवा राऊटर घ्यायला सांगितले. वेग बरोबर दहाव्या भागावर आला, ही गोष्ट आम्हाला खटकली. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड म्हणून एक ओळ असते. लॅपटॉप वायरने जोडून पाहिला तर तिथे १००० होते. सर्व्हरवर मात्र १०० दिसत होते. त्याची वायर शोधत गेलो तर ती दिवाणाच्या पायाखाली चेपलेली निघाली. दोनशे रुपयांच्या आतली नवी वायर लावली आणि वेग पूर्ववत झाला.

असे का होते, तेही सांगायला हवे. नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली तर दोन्हीकडची यंत्रे गाजावाजा न करता १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालते, कुठलीही सूचना येत नाही. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसच्या आत असेल तर इंटरनेटमध्येही फरक जाणवत नाही. फक्त सर्व्हर संथ होतो. म्हणून लिंक स्पीडची ओळ दोन्ही टोकांना वाचणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. वायर घेताना तिच्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेले आहे का, ते पाहावे.

वायर चांगली असूनही आकडा १०० च राहिला, तर यंत्रेच तेवढ्या क्षमतेची असू शकतात. स्वस्त राऊटरांची वायर लावण्याची छिद्रे अनेकदा १०० मेगाबिटचीच असतात. रास्पबेरी पाय ३ चे पहिले मॉडेलही १०० मेगाबिटचेच होते. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ पासून त्यात पूर्ण गिगाबिट मिळू लागले. बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी २ च्या छिद्रात लावली असेल तर सेकंदाला साधारण ३० ते ४० मेगाबाइटच्या पुढे मजल जात नाही. त्याच पेटीला निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे छिद्र असेल तर डिस्क तिथे हलवावी, खर्च शून्य.

वाय-फायचा दोष कसा ओळखावा

वाय-फायबद्दल एक नियम ठेवावा. आधी लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून तीच १ जीबीची फाइल उतरवून पाहावी. वायरवर वेग चांगला असेल तर सर्व्हर आणि डिस्क ठीक आहेत, दोष हवेतल्या वाटेचा आहे. वायरवरही संथ असेल तर वाय-फायला बोल लावू नये.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ही आज्ञा देऊन पुढे सर्व्हरचा पत्ता लिहिला की एक हाक जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसते. घरातल्या वायरवर हा आकडा १ च्या आतबाहेर असतो. चांगल्या वाय-फायवर तो थोडा जास्त, पण स्थिर असतो. एकदा ३, एकदा २००, मध्येच उत्तर नाही, असे चालले असेल तर हवेत गर्दी आहे किंवा भिंत आड येते आहे.

वाय-फायचे मुख्यतः दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दहा घरांचे वाय-फाय त्याच पट्ट्यात बोलत असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण आरसीसी भिंतीपुढे तो लवकर दम तोडतो. राऊटर ज्या खोलीत आहे तिथे ५ चा आणि लांबच्या खोलीत २.४ चा, अशी वाटणी चालते. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे आहेत. राऊटरमध्ये त्यांपैकी कमी गर्दीचा निवडावा.

वाय-फायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. मागच्या खोलीतला जुना मोबाइल कमकुवत सिग्नलवर हळूहळू बोलत राहिला, तर बाकीच्यांना तेवढा वेळ थांबावे लागते. सिग्नल वाढवणारा साधा एक्स्टेंडर प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो, म्हणून त्यामागचा वेग जवळपास निम्मा होतो. दूरच्या खोलीपर्यंत एक वायर ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे हा जास्त टिकाऊ इलाज आहे. आणि सर्व्हर तर वायरनेच राऊटरला जोडावा. मोबाइल फिरतात, सर्व्हर एका जागी बसतो. त्याला वाय-फायवर ठेवायचे कारण नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. यूएसबी ३ च्या डिस्क आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अडथळा आणतात. जागा वाचवायला डिस्क राऊटरच्या अँटेनाला टेकवून ठेवली असेल तर ती हातभर दूर सरकवावी.

वीस हजार लहान फाइली

कधी कधी सगळे ठीक असते, तरी कॉपी रखडते. कारण आपण एक मोठी फाइल नव्हे, तर वीस हजार लहान फाइली हलवत असतो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकले की हेच होते. प्रत्येक फाइलसाठी उघडणे, नाव लिहिणे, बंद करणे असा संवाद होतो. फाइल लहान असली तरी संवाद तेवढाच. अशा वेळी आधी लॅपटॉपवर त्या सगळ्यांची एक झिप फाइल करून मग ती सर्व्हरवर न्यावी. किंवा कॉपी रात्री लावून झोपावे.

संथपणा ही डिस्कची हाक असू शकते

आता सर्वांत महत्त्वाचे. नाव, वायर, वाय-फाय सगळे तपासले, तरी एखाद्या विशिष्ट फोल्डरपाशीच सर्व्हर अडकतो, तेच दोन-चार फोटो उघडताना मिनिटभर थांबतो, पेटीतून टकटक आवाज येतो, अशी लक्षणे असतील तर तपास तिथेच थांबवावा. डिस्क खराब होऊ लागली असण्याचा धोका आहे. डिस्कचा एखादा भाग नीट वाचता येत नसला की ती तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. आपल्याला तो नुसता संथपणा वाटतो.

अशा वेळी सर्व्हर वारंवार बंद-चालू करू नये, नवे काही त्यावर लिहू नये, दुरुस्तीची आज्ञाही देऊ नये. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. चित्रपट पुन्हा मिळतात. दादीजानच्या आवाजातले रेकॉर्डिंग, अब्बांच्या हज यात्रेचे फोटो, बाळाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ पुन्हा मिळत नाही. ही घराची अमानत आहे, क्रम तिच्यापासून सुरू व्हावा.

नंतर डिस्कची तब्येत तपासावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवत असते. तयार पेट्यांच्या सेटिंगमध्ये ती स्मार्ट या नावाने दिसते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती वाचून दाखवतो. तिथे चांगल्याची खूण निळी आणि सावधानतेची पिवळी असते. पिवळी दिसली की डिस्क बदलण्याची तयारी करावी. मात्र निळी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये, काही डिस्क सूचना न देताही जातात. दोन डिस्कच्या पेटीत दोन्हींवर एकच मजकूर असला तरी ती दुसरी प्रत मानू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. खरी दुसरी प्रत म्हणजे वेगळी डिस्क, शक्यतो दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवलेली.

बाहेरगावचे पाहायचे असेल तर

दुबई-कुवेतला असलेली मुले घरच्या सर्व्हरवरून फोटो पाहतात तेव्हा मात्र इंटरनेटची लाइन वाटेत येते. तिथेही आपला डाउनलोडचा आकडा कामाचा नसतो. फोटो आपल्या घरातून बाहेर जातात, म्हणून अपलोडचा वेग पाहावा लागतो. काही प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. प्लॅन बदलण्याचे खरे कारण एवढेच असू शकते.

एका संध्याकाळचा क्रम

मगरिबनंतर घरातले दोघे-तिघे मिळून बसले तर सगळा तपास तासा-दीड तासात होतो. आधी घड्याळाने दोन आकडे लिहावेत. मग नावाऐवजी पत्त्याने उघडून पाहावे. मग लॅपटॉप वायरने जोडून तीच फाइल उतरवावी. मग दोन्ही टोकांची लिंक स्पीड वाचावी. मग वायर बदलून पाहावी. शेवटी डिस्कची नोंद पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वेग वाढला, तर कशाने वाढला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डिस्कच्या बिघाडाची लक्षणे आधीपासूनच दिसत असतील, तर मात्र हा क्रम उलटा करावा. पहिले काम प्रत काढण्याचे.

हे काम घरातल्या एकाच मुलाच्या डोक्यात राहू नये. तो शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेला की घरच्यांना सर्व्हरचा पत्ताही ठाऊक नसतो. वहीच्या पहिल्या पानावर सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड कुणाकडे आहे, दुसरी प्रत कुठे ठेवली आहे आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढली, हे लिहून ठेवावे. वही कुठे आहे ते अम्मींना आणि मुलींनाही माहीत असावे. शेवटच्या प्रतीची तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर वेगाचा तपास उद्यावर ढकलला तरी चालेल. आज आधी प्रत काढावी.